लेंड्या-चिंचोक्यांचा डाव

बंगलोर,
१४ फेब्रुवारी २०२२

प्रिय सुदर्शन,

परवा फोन ठेवताना तू चिडला होतास, आणि तुझं चिडणं वाजवी होतं. तीनदा म्हणालास, 'रामा, तुझ्या बापाला घेऊन जा बाबा. महिनाअखेरी रान सपाट करायला मशीन येणार हाय. उद्या म्हातारा आडवा पडला तर माझ्या नावानं बोंब.' मी तीनदा बघतो म्हणालो. बघतो म्हणणाऱ्याच्या हातून काही होत नसतं हे तुलाही कळलं असणार. म्हणून हे लिहायला घेतलंय. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच, त्यानंतर एवढं सलग कधी लिहिलं नाही, तेव्हा चुका पदरात घे. फोनवर मी कसंही बोलून वेळ मारून नेतो. कागदावर ते जमेना. सकाळपासून चार कागद फाडले.

बा बांधावर कसा बसतो ते तू सांगितलंस, तेव्हापासून ते डोळ्यांपुढून हलत नाही. शेंद्र्याच्या कारखान्यांकडच्या खोलीवरून भाकरी बांधून सकाळी निघतो. काठी मांडीवर आडवी, तोंड तुमच्या घराकडं. दिवस मावळला की उठून चालत परत. कुणाशी शब्द नाही. तुझी आई साळूकाकू चहा पाठवते तो पीत नाही, कप तसाच बांधावर ठेवून देतो. तू म्हणालास, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय आणि वर माज पण हाय. माझी आई पण डोक्याचंच म्हणते. कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासता घासता तिला कुणी तरी सांगितलं की अशा माणसाला सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात. मी आधीच सांगून ठेवतो, बाचं डोकं जाग्यावर आहे आणि माज तर त्याला मेंढरं होती तेव्हाही नव्हता. तो का बसलाय ते मला ठाऊक आहे. पण ते सांगायला मला लांबच्या वाटेनं यावं लागेल. दमानं वाच.

आपला डाव आठवतो का तुला? आम्ही देवगाव रंगारीकडून मेंढरं हाकत यायचो आणि माघ सरता सरता तुमच्या विहिरीच्या पट्टीत जाळी लावून वाडा पडायचा. पंधरा-वीस दिवस मेंढरं रानात बसायची, तुमच्या जमिनीला लेंडीखत व्हायचं, आणि आम्ही उठायच्या दिवशी साळूकाकू आईच्या पदरात ज्वारी घालायची. दुसऱ्या गावांत लोक बाला बोलवायला यायचे, 'मुंजाबा, यंदा आमच्याकडं बसव' म्हणून. तुमच्या घरचं कुणी कधी बोलवायला आलं नाही आणि बानंही कधी वाट बघितली नाही. तुझ्या आज्यापासूनचं रान. बा म्हणायचा, जुन्या घराला आवतण लागत नाही, नको असलं तरच सांगावा येतो.

त्या पंधरा-वीस दिवसांत आपण दोघं बांधावरच्या बाभळीखाली. तुझा डाव चिंचोक्यांचा होता. मातीत चौकोन आखायचे, चिंचोके पेरायचे, खापरीला एका बाजूनं थुंकी लावून वर उडवायची. ओली पडली तर पाऊस, सुकी पडली तर गेलं पीक. माझा डाव वाळलेल्या लेंड्यांचा. एका रिंगणातून दुसऱ्या रिंगणात मेंढरं न्यायची, तीच खापरी उडवायची, ओली आली तर गवत, सुकी आली तर लांडगा. खरं सांगू का, दोन्ही डाव रटाळ होते. तुझ्यात नुसतं बसून राहायचं, माझ्यात नुसतं चालत राहायचं. आपण एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळत होतो, दोन म्हाताऱ्या दोन दारांत बसून निवडण करतात तसं.

मग एके दिवशी तूच म्हणालास, 'तुझी मेंढरं माझ्या चौकोनात बसव. माझी पुढची सुकी पडली तरी अर्धं पीक माझं. त्या बदल्यात मी तुला चिंचोके देतो, ते खाऊन तुझी मेंढरं जगतील.' एवढाच एक नियम. त्यानं काय झालं बघ. तुला माझी वाट बघावी लागायला लागली. मला वाटेत चांगलं गवत लागलं की मी उशिरा यायचो, मग तू रुसून चौकोन पुसायचास. तुझी खापरी सुकी पडली की दोन खेपांनी माझी मेंढरं मरायची, आणि माझी मेली की त्याच्या पुढल्या खेपेला तुझं पीक बसायचं. मी मुद्दाम तुला टांगून ठेवायचो आणि तू मुद्दाम किडके चिंचोके द्यायचास. भांडणं सुरू झाली, म्हणजे खेळ सुरू झाला. तुझे वडील रामकिसन नाना तिकडून ओरडायचे, 'दोघं मिळून एक शेत तर करा रे आधी.' आम्ही उठून जायच्या दिवशी डाव तसाच थांबायचा. पुढच्या साली आल्या आल्या तू म्हणायचास, 'तुझी नऊच मेंढरं उरली होती,' मी म्हणायचो चौदा, आणि तिथून पुढं.

नंतर आपल्याला चेव आला. विहीर घातली, तिचं पाणी दोघांना. बाजार घातला. लांडग्यालासुद्धा तुझ्या पिकाशी जोडला, कसा ते आता आठवत नाही. सगळं सगळ्याला बांधून टाकलं. त्या साली पहिलीच खापरी सुकी पडली आणि दुसरी खेप यायच्या आत सगळं मेलं, विहिरीपासून बाजारापर्यंत. साळूकाकू भाकरी घेऊन आली होती, ती म्हणाली, 'लवकर उरकला की दुष्काळ.' तू दोन दिवस विचार केलास आणि मग घराशेजारचं जुनं पेव दाखवलंस, जमिनीत दाणे साठवायचं. म्हणालास, 'डावात असं एक पाहिजे. चांगल्या साली त्यात टाकायचं, वाईट साली काढायचं. म्हणजे तुझं मेलं तरी माझ्यापर्यंत लगेच येणार नाय.' शेरडाला दोरी आखूड बांधली तर ते खुंट्याशीच गुदमरतं, लई लांब सोडली तर शेजाऱ्याच्या रानात शिरतं. डावाचं तसंच असतं हे तुला तेराव्या वर्षी कळलं होतं.

इथं मी काय करतो ते तुला कधी नीट सांगितलं नाही. कंपनीत आहे एवढंच सगळ्यांना माहीत. ही कंपनी फोनवरचे खेळ बनवते. आधी मी खालच्या गोदामात खोकी भरायचो. त्यांना साधी माणसं पाहिजे होती, इंग्रजी न येणारी, हलक्या फोनवर खेळणारी, म्हणून आम्हा चौघांना वर नेलं. तिघं कंटाळून परत खाली गेले, मी राहिलो. टेबलावर तीस फोन असतात. एकच खेळ दिवसभर खेळायचा आणि कुठं अडतं, कुठं जीव लागत नाही ते सांगायचं. मला एका जागी बसवत नाही हे तुला माहीत आहे, शाळा त्यापायीच सुटली. पण हे बसणं मला मानवलं. खेळाची आखणी करणाऱ्या प्रांजली मॅडम नाशिकच्या, म्हणून मला तोंड उघडता आलं.

त्यांचा एक गावाचा खेळ होता. शेत, गिरणी, गोठा, विहीर, बाजार. एकेक डाव बघत राहावा असा देखणा. पण लोक दोन दिवस खेळायचे आणि सोडून द्यायचे. मॅडमनं मला विचारलं, तुला का कंटाळा येतो रे. मी म्हणालो, मॅडम, ही पाच घरं आहेत, गाव नाही. गिरणीला शेत लागत नाही. विहीर आटली तरी गोठ्यातली म्हैस दूध देती. कुणाचं कुणावाचून अडत नाही, मग मी एक सोडून दुसऱ्याकडं कशाला जाऊ. त्यांनी मला फळ्यापुढं उभं केलं. गिरणीचा कोंडा गोठ्याला, गोठ्याचं शेण शेताला, शेताचे दाणे गिरणीला, असं मी जोडत गेलो. महिन्यात लोक परत परत यायला लागले. मग त्यांनाही आपल्यासारखा चेव आला, सगळं सगळ्याला बांधलं, आणि एक विहीर आटली की पूर्ण गाव बसायला लागलं. तेव्हा मी तुझं पेव सांगितलं. तुझं नाव सांगितलं नाही. माझं म्हणूनच सांगितलं. हे एक तुला सांगायचं राहिलं होतं, पण याच्यासाठी पत्र लिहिलं नाही.

त्यानंतर माझ्याकडं वेगळं काम आलं. रोज एक दोरी कापायची. गिरणी आणि शेत यांच्यातली कापली, काय पडतं ते बघ. ती जोड, दुसरी काप. बहुतेक दोऱ्या कापल्या तरी गाव लंगडत का होईना चालतं. पण एखादी अशी असते की दिसायला बारीक आणि सगळं तिच्यावर लोंबकळतंय. ती तेवढी कापली की सगळं सुटतं. मला ती चटकन दिसायला लागली. मॅडम म्हणायच्या, तुझी नजर चांगली आहे. संध्याकाळी जुना डाव परत चढवायचा. सकाळी गाव हिरवं.

मग ते अठरा-एकोणिसाचं साल आलं. तुमच्याकडं टँकर होता हे तू सांगितलं होतंस. बा मेंढरं घेऊन कुठं कुठं फिरला त्याचा हिशेब नाही. फर्दापूरच्या डोंगरापर्यंत गेला, तिथंही काही नव्हतं. शेंद्र्याच्या बाजूला जिथं रान होतं तिथं तारा आल्या होत्या, भिंती आल्या होत्या. बाभळीच्या शेंगा खाऊन मेंढरं जगत होती आणि कोकरं जगत नव्हती. आई फोनवर रडायची. मी दर आठवड्याला बाला सांगायचो, विक, अजून अंगावर मांस आहे तोवर विक, पुढल्या महिन्यात कुणी नेणार नाही. मला ते फोनवरच्या खेळासारखं सगळं दिसत होतं. गवत गेलं, पाणी गेलं, मेंढरं जाणार, त्यांच्यामागं आई जाणार, बा जाणार. बा एकच बोलायचा. 'माघात सुदर्शनच्या पट्टीत एकदा बसू दे. नाना गेला तरी ते घर हाय. ते घर हाय तवर मी मेंढरंवाला हाय. मग बघू.' दर वेळी हेच. गवत नाही चालेल, पाणी नाही चालेल, पण तुमच्या पट्टीचं नाव काढलं की त्याच्या आवाजात जीव यायचा.

पौषात त्यानं मेंढरं विकली. आठ दिवसांत, सगळी. व्यापाऱ्यानं टेम्पोत भरताना एक मेंढी उतरून परत बाच्या पायाशी आली, हे आईनं सांगितलं, बानं नाही. मग आईला शेंद्र्याला काम लागलं, त्यांनी खोली घेतली. बाला एका गेटवर रखवालीला लावलं होतं, तर साहेब म्हणाला, बाबा खुर्चीवर बसा. बा जमिनीवरच बसायचा, गेटकडं पाठ करून, मोकळ्या रानाकडं तोंड करून. चौथ्या दिवशी घरी पाठवला. पुढच्या साली पाऊस पडला. त्याच्या पुढच्या सालीही पडला, लई पडला. रानं गुडघ्याएवढी वाढली आणि खायला कुणी नाही. मला वाटलं होतं की दोघं सुटले. सुटले ते असे.

मी तीन वर्षं घरी आलो नाही. लॉकडाऊन होतं, काम होतं, ही कारणं खरी आहेत पण पुरेशी नाहीत. आणि परवा तू रागाच्या भरात बोलून गेलास, 'तीन सालं तुमच्या मेंढरांची वाट बघितली. पट्टी मोकळी ठेवली. आमच्या रानात काटे होते का रं? दुसऱ्याच्या रानात बसवली, आम्हाला साधा निरोप नाय. खत नाय काय नाय, जमीन पांढरी पडली. मग प्लॉटिंगवाला आला तवा आईला म्हणलं, ज्यांच्यासाठी ठेवली त्यांनाच नको, मग देऊन टाकू. आणि आता पट्टी विकल्यावर तुझा बाप येऊन बसतो.' तुला वाटलं लाइन कट झाली. मला हे ठाऊकच नव्हतं, सुदर्शन. मी हिशेबात गवत धरलं होतं, पाणी धरलं होतं, बाजार, आई, बाचे गुडघे, सगळं धरलं होतं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला तू बसलायस आणि तुलाही ओढ बसणार, हे मी धरलंच नव्हतं. मला वाटलं होतं, तुमचं मोठं घर, तुम्हाला चार मेंढरांच्या लेंड्यांनी काय फरक पडतो.

आता ते लिहितो ज्याच्यासाठी कागद फाडत होतो. तू मेंढरं नको म्हणालास, असं बाला मी खोटंच सांगितलं, त्यानं विकावीत म्हणून. पौषात, फोनवर, या इथल्या जिन्यात उभा राहून. म्हणालो, सुदर्शनचा फोन आला होता, यंदापासून पट्टीत बसवू नका म्हणतो. बा म्हणाला, 'बरं. त्याचं रान हाय.' दुसरं काही विचारलं नाही. आणि चैत्रात तू मला विचारलंस, यंदा मेंढरं का आली नाहीत, तर मी म्हणालो, दुसरीकडं बसली असतील, बाचं काय सांगावं. बारीक दोरी होती, मी दोन्ही अंगांनी कापली, आणि तुम्ही दोघं असे की एकानं दुसऱ्याला विचारायचं नाही. बा तिथं बसतो तो वेडा म्हणून नाही. त्याचं काय चुकलं हे तुमच्यापैकी कुणी तरी बाहेर येऊन सांगावं म्हणून बसतो. नको म्हणालेल्या घरात तो पाय ठेवणार नाही, त्या घरचा चहा पिणार नाही. काल मी त्याला सगळं खरं सांगितलं. आईनं फोन त्याच्या कानाला धरला होता. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'दोस्ताला वाचवायला बापाशी खोटं बोलू नको.' माझ्या तोंडचं खरं त्याला आता पटायचं नाही, आणि मी समोर आलो तरी तो तेच म्हणेल. म्हणून तू जा. मशीन यायच्या आधी जा, साळूकाकूला बरोबर घे, तिचं तो मानेल. बांधावर त्याच्या शेजारी बसा आणि सांगा की तुम्ही तीन सालं पट्टी मोकळी ठेवली होती. रान परत यायचं नाही, मेंढरं परत यायची नाहीत, ते मी धरून चाललोय. त्यानंतर बा मला पोरगा म्हणणार नाही, तेही धरून चाललोय. तुला मला काय म्हणायचं ते म्हण, नाही तर काहीच म्हणू नको. तो उठून गेला की 'उठला' एवढा एक शब्द फोनवर टाक. मी त्याला उत्तर देणार नाही.

तुझाच म्हणवून घेत आलेला,
रामेश्वर